खिशातले बोंबील आणि बर्फावरची शर्यत

परत आल्यापासून आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यात जो भेटतो तो विचारतो, काकू, अमेरिकेत काय काय पाहिलं? मी सांगते, कुत्री पाहिली. लोक हसतात. धबधबा नाही पाहिला? उंच इमारती? तो मशाल धरलेल्या बाईचा पुतळा? नाही बा. मी आपली कुत्र्यांतच होते. आणि ऐकणारा सापडला, की त्याचा चहा थंड होईपर्यंत त्याला उठू देत नाही. शेवटी विहारात येणाऱ्या बायकाच म्हणाल्या की तुम्ही हे लिहूनच काढा, म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचेल आणि ज्याला घरी जायचं तो घरी जाईल. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं विहाराच्या कपाटातली पुस्तकं चाळत माझं मीच शिकले. तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा.

डब्लिन, ओहायो

माझा मुलगा मिलिंद ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावी राहतो. सत्त्याण्णवच्या जानेवारीत त्याने मला बोलावून घेतलं. गाव नीटनेटकं, एकसारखी घरं, आणि रस्त्यावर औषधालाही माणूस नाही. मिलिंद आणि सून सकाळी ऑफिसला, नात शाळेत, आणि मी खिडकीत.

बॅगेत मी सुके बोंबील नेले होते, प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्यांत गुंडाळून. दुसऱ्याच दिवशी तव्यावर दोन भाजले, तर छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा करायला लागली. नात नाक धरून आली आणि म्हणाली, "आजी, व्हॉट डाइड?" म्हणजे काय मेलं म्हणे. सून बिचारी सगळ्या खिडक्या उघडून थंडीत उभी राहिली. त्या दिवसापासून बोंबलांचा मुक्काम गॅरेजमध्ये, गाडीच्या चाकाशेजारी.

त्याच आठवड्यात विशाखाचा फोन आला. विशाखा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, चांगला पगार, चांगलं घर. दोन वर्षांपूर्वी सगळं सोडून ती मिनेसोटा राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या जंगलात राहायला गेली. कशासाठी, तर कुत्र्यांच्या गाडीच्या शर्यतीत उतरायचं म्हणून. बर्फावरची लाकडी घसरगाडी, तिला दहा-बारा कुत्री जुंपलेली, मागे एकटं माणूस उभं, आणि शेकडो मैल जंगल. अलास्कात म्हणे अशी एक हजार मैलांची शर्यत असते. तिला तिथे जायचं होतं.

माझे भाऊजी, म्हणजे तिचे वडील, शाळामास्तर. त्यांनी हे ऐकलं आणि तिच्याशी बोलणंच कमी केलं. मला मात्र एकदा म्हणाले होते, "ताई, आपल्या बापजाद्यांना गावची मेलेली ढोरं ओढायला लावली. मी पोटाला चिमटा घेऊन पोरीला इंजिनिअर केलं. आणि ती आता कुत्र्यांची घाण उचलते." खोटं तर काहीच नव्हतं.

शेवटी बाप-लेकीत एक ठरलं. अलास्काच्या शर्यतीत कोणालाही घेत नाहीत. आधी लहान शर्यती वेळेत पुऱ्या करून दाखवाव्या लागतात. विशाखाची एक राहिली होती. मागच्या हिवाळ्यात ती दोनदा अर्ध्यातून परतली होती. या हिवाळ्यात ती एक पुरी झाली तर अलास्का. नाही झाली, तर कुत्री विकायची आणि मुकाट्याने सांता क्लाराला परत. तिने वडिलांना तसा शब्द दिला होता.

तिने फोनवर मला एवढंच विचारलं, "मावशी, बोंबील आणलेत का? मग इकडे ये. इथे वासाचं कोणाला काही नाही."

जंगलातलं घर

डुलुथ विमानतळावर ती घ्यायला आली तेव्हा मी आधी तिला ओळखलंच नाही. गालावर थंडीने काळे डाग, हाताला भेगा, अंगावर मळका जाडजूड कोट, आणि हसली की तीच आमची पोट्टी. सोबत हेलनबाई होत्या. हेलनबाई माझ्याच वयाच्या, केस पांढरे, आणि स्वतः कधीकाळी अलास्काची शर्यत धावलेल्या. त्यांच्याच जागेत विशाखा राहते आणि त्यांच्याकडूनच शिकते. मला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य. पण दोन म्हाताऱ्यांना भाषा लागतेच किती? त्यांनी माझा कोट चाचपून पाहिला, मान हलवली आणि स्वतःचा काढून मला घातला. तो माझ्या घोट्यांपर्यंत आला.

घर म्हणजे लाकडी खोली, मध्ये लोखंडी शेगडी. नळ नाही, पाणी तळ्याच्या बर्फाला भोक पाडून बादलीने आणायचं. मी म्हटलं, विशाखा, हे करायला तू अमेरिकेत आलीस? आमच्या लहानपणी विहिरीवरून पाणी आणायचं, तेच की हे. ती म्हणाली, "हो ना, फक्त विहिरीवर बर्फ नव्हता."

घरामागे कुत्री. प्रत्येकाला पेंढा घातलेलं स्वतःचं खोकं, त्यावर नावाची पाटी. मला वाटलं होतं लांडग्यासारखी धिप्पाड असतील. तर ही आपल्या गल्लीतल्यापेक्षा थोडी उंच, काटक, लांब पायांची. आणि नावं ऐका, सगळी आपल्या नागपूरच्या खाण्याची नाहीतर वस्त्यांची: तर्री, सावजी, झुणका, महाल, इतवारी. सगळ्यांत पुढे धावणारी हुशार कुत्री बर्डी. सीताबर्डीची बर्डी. हेलनबाई "ताहरी, ताहरी" अशी हाक मारायच्या आणि तर्री शेपूट हलवत यायची. मला हसू आवरेना.

पहिल्या सकाळी उठले तर विशाखा फावडं आणि बादली घेऊन कुत्र्यांची घाण गोळा करत होती. थंडीने ती दगडासारखी झालेली, खणखण वाजत होती. मला भाऊजींचं बोलणं आठवलं. तिने माझं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं. म्हणाली, "मावशी, हे मला कोणी करायला लावलेलं नाही." आणि पुढच्या खोक्याकडे गेली. घाण बघूनच तिला कळतं कोणाचं पोट बिघडलंय, कोण पाणी कमी पितंय. मग कुऱ्हाडीने गोठलेलं मांस फोडायचं, गरम पाण्यात कालवायचं, प्रत्येकाला वाढायचं. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ती स्वतः चहाचा घोट घेत नव्हती. मी भाकरी करून ठेवायचे, ती गार व्हायची.

आता बोंबील. मी शेगडीवर भाजले तशी हेलनबाई आत आल्या. मला वाटलं आता खिडक्या उघडतात. त्यांनी एक उचलला, चावला, आणि दुसरा घेतला. मग स्वतःच्या फडताळातून वाळवलेल्या मोठ्या माशाचे तुकडे आणून माझ्यापुढे ठेवले. तिकडे कुत्र्यांना थंडीत सुकी मासळीच देतात म्हणे. विशाखाने सांगितलं, मीठ धुऊन टाक आणि धावून आल्यावर एकेक तुकडा दे हवा तर. मग काय, माझ्या कोटाचा उजवा खिसा बोंबलांचाच झाला. गाडी परत आली की बर्डी सरळ माझ्या खिशात तोंड घालायची. देशात आणि परदेशात बोंबलाला एवढा मान कुठेच मिळाला नसेल.

तळ्यावर

एक दिवस विशाखाने मला गाडीत बसवलं. पाच-सहा कुत्रीच जुंपली होती. जुंपताना जो गोंधळ: एक विव्हळतंय, एक उड्या मारतंय, एक दोर चावतंय. आपल्याकडे शंकरपटात बैल सुटण्याआधी जसे फुरफुरतात, तसं, पण दसपट. मला वाटलं, ही जनावरं वेडी झालीत. विशाखाने बर्फात रोवलेला लोखंडी आकडा उपटला आणि हळूच म्हणाली, "हाइक."

आणि सगळं गप्प झालं.

मी सांगते, अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. इतका वेळ बोंबलणारी ती कुत्री एकदम मुकी झाली आणि धावू लागली. फक्त त्यांचे श्वास, आणि गाडीखाली बर्फाची सर्र सर्र. दोन्ही बाजूंना काळी उंच झाडं, फांद्यांवर बर्फाचे गठ्ठे. माझ्या पापण्यांवर बर्फ जमला, मफलर ओठांना चिकटला. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी कसं रस्त्यावर पाखरू नसतं, उन्हाने सगळा मुलूख धाक दिल्यासारखा दबून बसतो, तसाच हा मुलूख थंडीने दबून बसलेला. आणि त्याच थंडीत ही कुत्री सुखात. उन्हाळ्यात त्यांना धावता येत नाही म्हणे.

मग जंगल संपलं आणि एकदम गोठलेलं तळं लागलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मधोमध आलो तेव्हा खालून आवाज आला. आधी घूं करून, मग पार लांबपर्यंत कोणी पत्र्याची भली मोठी चादर हलवत नेल्यासारखा. मी गाडीची कड घट्ट धरली. विशाखा मागून म्हणाली, "घाबरू नको, बर्फ जाड होतोय, त्याचा आवाज आहे." जमीन बोलते हे मी ऐकलं नव्हतं, पाणी बोलतं हे मात्र त्या दिवशी कानांनी ऐकलं. हात आपोआप जोडले गेले. तिकडे कोणी पाहायला नव्हतं, म्हणून थोडं रडलेही.

परत येताना एका वळणावर गाडी कलंडली आणि मी बर्फात तोंडावर पडले. हेलनबाईंचा कोट इतका जाड, की मला काही लागलं नाही, पण उठताही येईना. तर्री मागे वळून माझ्याकडे बघत राहिली, जशी मी तिचा वेळ खाते आहे.

शर्यतीची सुरुवात

शर्यतीच्या सकाळी आम्ही हेलनबाईंच्या ट्रकने गेलो. ट्रकच्या दोन्ही बाजूंना कप्पे, प्रत्येक कप्प्यातून एक कुत्र्याचं तोंड. मैदानात अशा पुष्कळ ट्रका, आणि शेकडो कुत्री एकाच वेळी ओरडतायत. फोटो काढायला म्हणून मिलिंदने दिलेला कॅमेरा बाहेर काढला, तर थंडीने तो बंदच पडला. तेव्हा फोटो मागू नका, माझ्याकडे नाहीत.

हेलनबाईंनी विशाखाकरवी मला नियम समजावला. वाटेत थांबे असतात. तिथे कुत्री विश्रांती घेतात, डॉक्टर तपासतात. पण थांब्यावर कुत्र्यांचं सगळं विशाखाने एकटीनेच करायचं. खाणं तिने आधी पिशव्यांत भरून थांब्यांवर पाठवलेलं असतं. त्या पिशव्यांतलंच द्यायचं, बाहेरचं काही नाही. आम्ही दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं. पिशव्या मी यायच्या आधीच जमा झाल्या होत्या. मी विचारलं, चहासुद्धा हातात द्यायचा नाही? विशाखा म्हणाली, "मावशी, तू मला पेंढीची दोरी जरी सोडून दिलीस ना, तरी डिसक्वालिफाय करतील मला. प्लीज."

ही कसली रीत, मी मनात म्हटलं. आपल्याकडे पोरगी परीक्षेला बसली तर आई रात्रभर दूध गरम करत असते. इथे मदत करणं हाच गुन्हा.

थांबा

तिची गाडी दुसऱ्या थांब्यावर आली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ती रात्रभर चालवत आली होती. तळ्याकाठच्या एका उपाहारगृहामागचं ते आवार. विशाखाच्या भुवया पांढऱ्या, ओठ फाटलेले. ती आमच्याकडे बघून नुसती मान हलवून कामाला लागली. पेंढा पसरला, कुत्र्यांचे बूट काढले (हो, कुत्र्यांना कापडी बूट असतात, बर्फाने पंजे कापू नयेत म्हणून), बर्फ वितळवून पाणी गरम केलं. पेंढीच्या दोरीची गाठ गोठलेली. तिची बोटं वळेनात, तिने दाताने सोडली. मी दोरीच्या अलीकडे. माझे हात गरम होते, खिशात होते, आणि काही कामाचे नव्हते.

कुत्री खायला लागली. बर्डी खाईना.

तिने वाडगं हुंगलं आणि तोंड फिरवलं. विशाखाने मांसाचा दुसरा तुकडा दिला, मग चरबीचा, मग हाताने भरवून पाहिलं. नाही म्हणजे नाही. डॉक्टरबाई आल्या, ताप पाहिला, पाय दाबून पाहिले. दुखणं काही नाही, नुसती थकली आहे म्हणाल्या. पण न खाता पुढे नेली तर वाटेत बसेल. आणि ती खाईपर्यंत थांबत बसलं तर वेळ संपेल. मागच्या हिवाळ्यात हेच झालं होतं, हेलनबाईंनी मला सोप्या इंग्रजीत आणि खुणांनी सांगितलं.

एवढ्यात बर्डीने नाक वर केलं. वारा माझ्या बाजूने होता. ती पेंढ्यावरून उठली, दोर ताणून दोरीकडे आली, आणि माझ्या कोटाच्या उजव्या खिशाकडे बघून शेपूट हलवू लागली. गेले काही दिवस धावून आल्यावर जे मिळत होतं, ते ती शोधत होती.

माझा हात खिशात गेला. मी विचार करून घातला नव्हता. भुकेलं जनावर पुढे उभं, आणि खिशात त्याचं खाणं. पंच माणूस पाठमोरा, दुसऱ्या गाडीपाशी. हेलनबाई माझ्याकडे बघत होत्या. एक तुकडा, बस. बर्डी खाईल, मग बाकीचंही खाईल, आणि पोरीची दोन वर्षं वाचतील.

विशाखा गुडघ्यावर बसली होती. तिने मान वर केली. आवाज चढवला नाही.

"मावशी, खिशातून हात काढ."

मी काढला. रिकामा.

ती बर्डीजवळ गेली आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून बराच वेळ बसली. काय बोलली मला ऐकू आलं नाही. मग तिने बर्डीचा दोर मुख्य दोरातून सोडला, पंचाला बोलावून सांगितलं की ही इथे थांबेल. एकदा सोडलेलं कुत्रं पुन्हा शर्यतीत घेता येत नाही. बर्डीवाचून ती आजवर कुठलीही लांब वाट चालली नव्हती. पंचाने मान हलवली तशी तिने दोरीवरून पट्टा माझ्या हातात दिला.

"आता ती शर्यतीत नाही. आता दे तिला."

बर्डीने माझ्या तळव्यावरचा बोंबील खाल्ला, मग दुसरा, मग खिसाच उलटा केला. मी एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते, आणि सगळ्या तोंडाला मासळीचा वास.

पुढे कोणाला लावायचं? विशाखाने सावजीला लावलं. सावजी दोन वर्षांचा, लाजाळू, घरच्या तळ्यावरच काय तो पुढे धावलेला. विश्रांती संपल्यावर गाडी निघाली, तेव्हा त्याने तीनदा मागे वळून पाहिलं. विशाखा ओरडली नाही. नुसती थांबली. मग तो पुढे बघून चालू लागला. आणि माझ्या हातातली बर्डी, गाडी झाडांत दिसेनाशी झाली तसं तोंड वर करून असं काही रडली, की उपाहारगृहातली माणसं बाहेर आली.

शेवटची रेघ

त्यानंतरची वाट पाहणं मी लिहीत नाही. ज्याने दवाखान्याबाहेर वाट पाहिली आहे त्याला ते माहीत आहे. पुढचा दिवस उजाडला. एकेक गाडी येत गेली. पहिल्या आलेल्यांसाठी टाळ्या झाल्या, फोटो झाले, नंतर गर्दी पांगली. हेलनबाई घड्याळ बघत नव्हत्या, म्हणून मला कळलं की वेळ थोडा उरला आहे. विशाखाच्या मागे आता दोनच गाड्या होत्या.

दुपार कलली. बर्फ निळा दिसायला लागला. सगळ्यांत आधी बर्डीने कान टवकारले. मग मला झाडांपाशी एक ठिपका दिसला, मग त्याची रांग झाली. पळत नव्हती ती, दुडक्या चालीने येत होती. सगळ्यांत पुढे सावजी, जीभ बाहेर, कान मागे, आणि नजर सरळ. विशाखा गाडीवर उभी नव्हती. मागून एका पायाने ढकलत, धावत होती, उरलेल्या दहा कुत्र्यांबरोबर अकरावं जनावर असल्यासारखी.

रेघ ओलांडली. वेळेत. तरीही कोणी जवळ गेलं नाही, कारण पंचाने गाडीतलं सामान तपासायचं असतं: कुऱ्हाड, शेगडी, झोपायची पिशवी. मी बर्डीला धरून उभी. पंच सावकाश एकेक वस्तू बघत होता, जशी आमच्याकडे बँकेतली माणसं सही बघतात. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघून हाताने खूण केली, या.

मला वाटलं पोरीला छातीशी धरावं. पण ती सावजीपाशी गेलेली, मग त्याच्या मागच्यापाशी, एकेकाचं तोंड हातात घेत. मला म्हणाली, "मावशी, बूट काढ ना त्यांचे. माझी बोटं गेली." मी बर्फात गुडघे टेकले. या वयात एकदा बसलं की उठायचा भरवसा नाही, पण बसले. झुणक्याचे काढले, इतवारीचे काढले, तर्रीने पंजा आपणहून माझ्या मांडीवर ठेवला. गरम होते ते पंजे, त्या थंडीत, भाकरीसारखे. मी एवढी वर्षं माणसांच्या पाया पडले, काहींच्या मनापासून, काहींच्या रीत म्हणून. त्या दिवशी एकाही पायाला रीत म्हणून हात लावला नाही.

संध्याकाळी तिथल्या हॉटेलच्या फोनवरून मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होत होती. विशाखा खाली कुत्र्यांना वाढत होती. म्हणाली, तूच सांग, मला बोलता येणार नाही. भाऊजींनी उचलला. जयभीम झाला. मी सांगितलं की पोरीने शर्यत पुरी केली. शेवटून तिसरी आली, पण वेळेत. आता ती अलास्काला जाणार, सांता क्लाराला नाही. सगळं सांगितलं: पुढे धावणारी बर्डी खाईना ते, तिला सोडून द्यावं लागलं ते, लाजाळू सावजीला पुढे लावलं ते.

मला वाटलं लाइन तुटली. एवढ्या लांबच्या फोनचे पैसे जातात, म्हणून मी हॅलो, हॅलो केलं.

भाऊजी लाइनवरच होते.

"ती बर्डी," ते म्हणाले, "आता जेवते का नीट?"